धानकापणीतला एक संदर्भ

हलका, लवकर येणारा धान कापून झाला की साकोलीच्या हवेला एक वास येतो. ओल्या तणसाचा, कोंड्याचा, आणि सकाळच्या धुक्यात अडकून बसलेल्या धुराचा. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाला दोन बाजूंनी खिडक्या आहेत. एका बाजूनं हायवे, ट्रक आणि बसांचे भोंगे. दुसऱ्या बाजूनं बांध्या, धानाची बांध घातलेली शेतं. कापणीच्या दिवसांत मी हायवेकडच्या खिडक्या लावून घेते आणि बांध्यांकडच्या सताड उघड्या ठेवते. मग टेबलांवर कोंड्याची बारीक पिवळी भुकटी बसते, शिपाई कुरकुरतो, "मॅडम, पुसू पुसू थकलो ना जी," आणि मी त्याला म्हणते, बसू दे रे, वर्षातून एकदाच तर येते.

यंदा तो वास आला त्याच सकाळी कुंदाचा फोन आला. "मॅडम, आमचे भासरे गेले जी," एवढंच म्हणाली. मागे बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. "सांभाळ ग बाई," म्हटलं आणि फोन हातात धरून तशीच उभी राहिले. ज्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी आलं. रडले मी चांगली. ग्रंथालयात कोणी नव्हतं, बरं झालं.

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं त्याच्यासमोर डोईवरचा पदर खाली येऊ द्यायचा नाही, त्याच्याशी तोंडानं बोलायचं नाही, आणि त्याचं नाव तर चुकूनही जिभेवर आणायचं नाही. तोही तिच्याशी बोलत नाही. एकाच घरात, एकाच चुलीचं खाऊन दोघं म्हातारे होतात, आणि दोघांत सरळ एक वाक्य झालेलं नसतं. याला दुरावा म्हणायचं की मान, हे बाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. मला स्वतःला ते पुरतं समजलंय असं मी म्हणत नाही.

कुंदा माझी विद्यार्थिनी. माझी म्हणजे आमच्या अभ्यासकेंद्राची. दूरशिक्षणानं बी.ए. करणारी माणसं आमच्याकडे नोंदणी करतात आणि मग आपापल्या गावी राहून शिकतात. कुंदाचं माहेर साकोलीजवळचं, म्हणून नाव आमच्या केंद्रात. सासर मात्र तिकडे करडी गावाच्या अंगाला. पूर्वी ही मंडळी वर्षातून दोन-चारदा यायची, पुस्तकांचं गाठोडं न्यायची आणि परीक्षेलाच तोंड दाखवायची. आता सगळं फोनवर आलं. ई-ग्रंथालय आलं, कॅटलॉग ऑनलाइन आला, प्रकल्प ऑनलाइन, तोंडी परीक्षाही ऑनलाइन. आणि हे सगळं वापरायचं कसं ते शिकवायला कोण? तर ग्रंथपाल. मी आयुष्यभर लोकांना "शांतता राखा" सांगितलं, आणि उतारवयात माझ्यावर पाळी आली ती "अहो, बोला ना कोणी तरी" म्हणायची.

माझा तास दुपारी असायचा. कापणीवाल्यांची जेवणाची सुट्टी असते तेव्हा. सुरू झाला की आधी आवाजच आवाज. कुणाच्या मागे मळणीयंत्र घरघरतंय, कुणाच्या कोंबड्या, कुणी हार्वेस्टरच्या सावलीत बसून भाकर मोडतोय. आंधळगावचा एक किराणा दुकानदार होता, तो गल्ल्यावर बसूनच तास करायचा आणि मध्येच सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचा, "अवो, तेल नाही आलं अजून, उद्या याजा!" मी चिडायचे. "म्यूट करा! आधी म्यूट करा सगळ्यांनी!" मग एकेक चौकोन मुका व्हायचा आणि मला एकदम एकटं वाटायचं. काचेसमोर बसून आपण कुणाशी बोलून राहिलो, हा प्रश्न मला त्या दिवसांत फार पडे. समोर माणूस असला की त्याच्या भुवईवरून कळतं, समजलं की नाही. चौकोनावरून काय कळणार?

कुंदाचा चौकोन नेहमी काळा. कॅमेरा बंद, आवाज बंद. तिच्या नावाखाली फक्त अक्षरं उमटायची, "हो जी मॅडम", "समजलं जी". एकदा मी कावून म्हटलं, "कुंदा, तू आहेस की फोन ठेवून धान कापाले गेलीस?" तर खाली आलं, "आहो जी. भासरे पडवीत हायेत, बोलता येत नाही."

मग हळूहळू कळलं. त्यांच्या घरी नेटवर्क लागतं ते फक्त पडवीत, आणि पडवी ही भासऱ्यांची जागा. ते दिवसभर तिथे सुताचा दोर वळत बसायचे. जाऊबाईनं, म्हणजे भासऱ्यांच्या बायकोनं, त्यांना सांगितलं होतं म्हणे, "बाईले नेट पायजे, शिकून राहिली ते." तर त्यांनी आपली बाज ओढून दुसऱ्या टोकाला नेली आणि तिच्याकडे पाठ करून बसायला लागले. तेवढी जागा तिची झाली. कुंदाचा नवरा नागपूरला ड्रायव्हर, घरी कधी यायचा कधी नाही. घर चालायचं ते भासऱ्यांच्या शब्दावर. त्यांनी नको म्हटलं असतं तर कुंदाचं शिक्षण तिथेच संपलं असतं.

गेल्या वर्षीच्या त्या कापणीत तिचं शेवटचं वर्ष होतं. शेवटचं म्हणजे खरोखरच शेवटचं. नोंदणीची मुदत संपत आली होती. मध्ये बाळंतपण, मध्ये सासूचं आजारपण, वर्षं गेली होती. सगळे पेपर सुटले होते, राहिला होता प्रकल्प आणि त्यावरची तोंडी परीक्षा. ती गेली की आधीचं सगळं गेलं. पुन्हा पहिल्यापासून करायचं तिच्यात बळ नव्हतं, हे तिनंच मला लिहिलं होतं. "मॅडम, या टाइमाले नाही झालं तर मी सोडतो जी." आमच्याकडच्या बाया "करतो, जातो" असंच बोलतात.

प्रकल्पाचा विषय तिनं स्वतः निवडला. गावातली बोडी, म्हणजे छोटा तलाव, आणि तिच्या पाण्याची वाटणी. मी खूश. कारण बाकीच्यांचे विषय म्हणजे इंटरनेटवरून उचलायची सोय बघून घेतलेले. याबाबतीत मी कडक. प्रत्येक तासाला एकच कीर्तन. जे ज्याच्याकडून घेतलं, त्याचं नाव द्यायचं. पुस्तकातून घेतलं तर लेखकाचं, संकेतस्थळावरून घेतलं तर त्याचं, माणसाच्या तोंडून ऐकलं तर त्या माणसाचं पूर्ण नाव, गाव, वय. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवायचे. नाव नाही दिलं तर ती चोरी. दुकानदार हसायचा, "मॅडम, आमच्या धंद्यात तर नाव सांगतच नाही ना, माल कोठून आणला ते!"

कुंदाचा मसुदा आला. काय सुंदर लिहिलं होतं! तुडूम उघडायचा, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड मोकळं करायचं, त्या दिवशी गाव कसा तलावाच्या बांधावर, पाळीवर, जमे. पाणी कमी असलं की शेवटच्या बांधीला आधी द्यायचं, आणि तलावाला लागून ज्याची बांधी त्यानं थांबायचं. एका वर्षी थांबायला कोणी तयार होईना, तेव्हा पाळीवर भांडण पेटलं आणि एका घरानं स्वतःचा धान वाळू देऊन पाणी खाली सोडलं. सगळं असं लिहिलेलं, जणू ती तिथे उभी होती. वाङ्मयचौर्य तपासायचं सॉफ्टवेअर लावलं तर कुठेही जुळेना. कसं जुळणार? हे कुठे लिहिलेलंच नव्हतं.

पण माहिती देणाऱ्याच्या जागी तिनं लिहिलं होतं, "घरातील एक ज्येष्ठ शेतकरी."

मी फोन लावला. "कुंदा, हे चालणार नाही. नाव?"

पलीकडून अगदी हळू, "भासरे हायेत जी."

"मग लिही ना त्यांचं नाव."

"लिहिलं तर घेतल्यासारखंच होते ना जी?"

"अग, उखाण्यात नवऱ्याचं नाव घेता की नाही तुम्ही? तसंच समज."

"भासऱ्याचा उखाणा नसते जी मॅडम," ती म्हणाली, आणि मला हसू आलं. तिला नाही आलं.

तिनं त्यांच्याकडून ती माहिती कशी घेतली, तेही त्या दिवशी सांगितलं. ती स्वयंपाकघराच्या दाराआड फोन घेऊन बसायची. जाऊबाई मध्ये चुलीशी. कुंदा जाऊबाईला हळूच म्हणायची, "त्यायले विचारा, पाणी कोण सोडे?" जाऊबाई पडवीकडे तोंड करून विचारायची, "बाई म्हणते, पाणी कोण सोडे म्हणते?" आणि भासरे उत्तर द्यायचे, जाऊबाईला. पण एकदम मोठ्यानं, सावकाश, आणि एकच वाक्य दोनदा. जाऊबाई म्हणायची, "मी काय बहिरी हावो का? काहून वरडून राहिले?" ते तिच्याकडे लक्ष द्यायचे नाहीत. दाराआड टाइप करणारीचं बोट मागे राहिलं असेल म्हणून ते पुन्हा सांगायचे. मधूनच थांबायचे, दोर वळायचे, आणि हवेला विचारल्यासारखं विचारायचे, "झालं असन का?" जाऊबाई दारात डोकावून मान हलवायची, की पुढचं.

माझ्या आईनं कधी वडिलांचं नाव घेतलं नाही. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की ती शेजारणीकडे बघायची, आणि शेजारीण सांगायची. मी शाळेत असताना मला त्याची लाज वाटे. नंतर नोकरीला लागले, आणि आयुष्य गेलं ते नावांच्या मागे. लेखकाचं नाव, अनुवादकाचं नाव, आडनाव आधी, स्वल्पविराम, मग नाव. ज्याचा मान ठेवायचा त्याचं नाव छापायचं, हे माझं शिक्षण. ज्याचा मान ठेवायचा त्याचं नाव ओठांवर आणायचं नाही, हे आईचं. दोन्ही माझ्याच घरातलं. कोणतं खरं, हे मला त्या दुपारी सांगता आलं नसतं, आणि आजही सांगता येत नाही. पण परीक्षेचे नियम आईनं केलेले नव्हते. "नाव लिहावंच लागेल," मी म्हटलं. "लिहितो जी," ती म्हणाली.

तिनं लिहिलं नाही. प्रकल्प तसाच अपलोड झाला.

तोंडी परीक्षा भारी, उशिरा येणाऱ्या धानाच्या कापणीत आली. त्या दिवशी धुकं उशिरापर्यंत हललं नव्हतं. परीक्षक पुण्याकडचे, वयस्कर, सभ्य माणूस. मी संयोजक. संयोजकानं जोडणी करून द्यायची आणि तोंड उघडायचं नाही असा नियम. माझा आवाज त्यांनी सुरुवातीलाच बंद करून टाकला. दुकानदाराचं झालं, आणखी एकदोघांचं झालं. मग कुंदाचा चौकोन उजळला. त्या चौकोनात मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. कपाळापर्यंत पदर, गोल चेहरा, घाबरलेले डोळे. मागे पडवीचा खांब, बाजेचा एक पाय, आणि त्या पायाशी दोरीची वळकटी. म्हणजे ते तिथेच होते.

परीक्षकांनी छान सुरुवात केली. बोडीचं विचारलं, तुडमाचं विचारलं. कुंदा खालच्या आवाजात पण नीट बोलत होती. पदराआडून, खांबाकडे पाठ करून. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "ताई, हे सगळं तुम्हाला कोणी सांगितलं? इथे नाव दिसत नाही."

"घरचे मोठे हायेत जी, सर."

"त्यांचं नाव?"

कुंदाची मान खाली गेली.

"हे पाहा, ताई, यातलं काहीच कुठल्या पुस्तकात सापडत नाही. चांगली गोष्ट आहे. पण सांगणाऱ्याचं नाव नसेल तर हे कल्पनेनं लिहिलं नाही, असं मी कशावरून मानू? नाव सांगा, मी लगेच लिहून घेतो."

ती खाली बघत राहिली. मी इकडे खुर्चीत चुळबुळतेय. सांगावंसं वाटत होतं, अहो साहेब, तो माणूस तिच्या पाठीशी बसलाय, त्याच्यासमोर ती कसं घेईल नाव? पण आवाज बंद. पडद्यावर माझेच ओठ हललेले मला दिसले. कुंदाच्या नाकाच्या शेंड्यावर घाम आला होता. थंडीच्या दिवसांत. परीक्षक थांबले, चांगलेच थांबले, त्यांनाही ते नको होतं. मग म्हणाले, "नाव नसेल, तर मला हा प्रकल्प नाकारावा लागेल. वाईट वाटतं, पण इलाज नाही."

आणि तेव्हा पडवीतून खाकरण्याचा आवाज आला. कुंदानं पदर आणखी पुढे ओढला.

"अवो," म्हाताऱ्याचा आवाज, जाड, खरखरीत. तो तिच्याशी बोलत नव्हता, आत जाऊबाईला हाक देत होता. "अवो, आयकली का? बाईले सांगा म्हणा. नाव घे म्हणा. मी येथी नाही. मी खळ्यात चाललो धानाचे पुंजने पायाले."

आतून जाऊबाई, "आता? अजून तं धुकं हाये ना! काय पायता तेथी?"

"जातो म्हटलं ना," ते म्हणाले. बाज करकरली. खांबामागून धोतराचा काठ आणि एक अनवाणी पाऊल जाताना दिसलं, तेवढंच. त्या माणसाचं मी पाहिलेलं तेवढंच. स्वतःच्या घरातून, स्वतःच्या पडवीतून, धुक्यात उठून गेला तो. तिला नाव घेता यावं म्हणून.

कुंदा कान देऊन बसली. पावलांचा आवाज अंगणातून गेला, मातीत विरला. मग तिनं ओठ हलवले. काही तरी म्हणाली.

"आवाज तुटला, ताई," परीक्षक म्हणाले. "तुमचं नेट गेलं मध्ये. पुन्हा सांगा. जरा मोठ्यानं, म्हणजे मला नीट लिहिता येईल."

अरे देवा! एकदा घेतलं ते कुणाला ऐकूच गेलं नव्हतं. मी कपाळावर हात मारला. कुंदानं अंगणाकडे पाहिलं. मग ती सरळ बसली. डोळे मिटले, आणि जिचा चढलेला आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता ती बाई, शेतात पल्याडच्या धुऱ्यावरच्या माणसाला सांगावं एवढ्या खणखणीत आवाजात म्हणाली,

"सुकराम लहानू झंझाड!"

पडवीतून ते अंगणात गेलं, अंगणातून पुढे. आत भांड्यांचा आवाज थांबला. आणि लांबून, धुक्यातून, पुंजण्यांच्या पलीकडून उत्तर आलं.

"ओऽऽ!"

सहज. पोरगं खेळता खेळता आईच्या हाकेला देतं तशी.

परीक्षक दचकले. "कोण आहे तिकडे?"

"तेच हायेत जी, सर," कुंदा म्हणाली.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नाव लिहून घेतलं. लिहिताना एकेक अक्षर त्यांनी उच्चारून पाहिलं. "झालं, ताई," म्हणाले. "मिळाला संदर्भ. पास आहात तुम्ही." कुंदानं ते ऐकलं की नाही, कोण जाणे. ती अजून खळ्याकडेच बघत होती. पदर खांद्यावर उतरला होता आणि ती रडत होती.

"सासूबाई गेल्या तवापासून," ती म्हणाली, त्यांना नाही, मलाही नाही, "त्यायले नावानं कोणी हाक मारली नव्हती जी."